छत्रीची बाकी

आजोबांचे कागद आमच्या घरात जिवापाड जपलेत. गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत. त्यामागे माया असेल, पण मुख्य कारण घर. गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं तेव्हा १९८२ च्या संपाच्या वेळी पटावर असल्याचा पुरावा लागू लागला. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली, अर्ज लाखाच्या वर गेले होते. आमचा नंबर लागला नाही. कागद मात्र राहिले. त्यामुळे आता चुलतभाऊ घराण्याची वंशावळ लिहायला बसलाय, तर आजोबांविषयी त्याला सगळं सापडतं. कोणतं खातं, कायम कधी झाले, तिकीट नंबर किती. आजीच्या नावापुढे त्याने लिहिलंय, ‘प्रेमळ, सुगरण, फार सोसलं.’

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची.

आजरा तालुक्यातून गिरणीत आलेले गडी एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि जेवायला आमच्या खोलीत येत. सातची पाळी गाठणाऱ्यांना त्याआधी भाकरी हवी. साडेतीनला सुटणारे दुपार टळल्यावर येणार, आणि दुसऱ्या पाळीचे रात्री बारा वाजून गेल्यावर. खोली एक, रॉकेलचा स्टोव्ह, पाणी चाळीच्या नळावर पहाटे. आत्या सांगते, “आई सलग झोपलेली मी बाळंतपणातच बघितली.” घनसाळ तांदळाचं पोतं गावाहून एसटीच्या टपावरून यायचं, पण ते सणासुदीला. रोजचा भात रेशनचा.

आजीला लिहिता येत नव्हतं. वही होती. लाल कापडी पाठीची, उभी, वाण्याकडे असते तशी. आत्याने ती लोणच्याच्या बरणीखाली दाब म्हणून ठेवली होती, म्हणून वाचली. खालच्या कोपऱ्याला अजून तेलाचा गोल डाग आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नावाच्या जागी एक चित्र. भजनी मंडळातल्या गड्याला टाळ, पैलवानाला गदा, कोणाला चष्मा, एकाला नुसतं तीन पायांचं स्टूल. त्याखाली रेघा. जेवणाला आडवी रेघ, खाड्याला टिंब. शिमग्याला आणि गणपतीला टिंबांची रांग लागते, म्हणजे गडी गावी. काही पानांवर आठवडेच्या आठवडे रेघा आहेत आणि पैसे पोचल्याचा फुलीसारखी खूण कुठेच नाही. हे बदली कामगार. त्यांना रोज गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. पोट मात्र बदलीवर नसतं. गिरणीने जो माणूस राखीव ठेवला होता, त्याला राखायचा खर्च आजीच्या वहीत पडत होता. गिरण्यांच्या ताळेबंदात हा खर्च कुठे दाखवलेला असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घरात आजीचा हात सढळ होता असं म्हणतात. तिच्याकडे जेवलेले एक गृहस्थ परवा भेटले, ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, “सढळ? तुझी आज्जी डाव मोजून आमटी वाढायची. दुसरा डाव मागितला की बघायची नुसती.” आत्याला हे अजिबात आवडलं नाही. मला आवडलं. सढळ हाताने खाणावळ महिनाभर चालली नसती.

भांडवल ही खरी अडचण. वाण्याची उधारी, आणि तीही तुंबली की मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. एकमेकींच्या भरवशावर त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आत्या तेव्हा शाळेत होती, आजीसोबत बँकेत गेली होती. तिला काउंटर आठवतो, शाईचं पॅड आठवतं, आणि साहेबाने “धंदा काय?” विचारल्यावर आईने घसा खाकरून “खानावळ” म्हटलेलं आठवतं. त्या कागदावर आजीचा व्यवसाय लिहिला गेला असणार. रेशनकार्डावर ती नुसती ‘पत्नी’. पण कर्ज फिटलं आणि कागद गेला. फिटलेल्या कर्जाचा कागद कोण जपून ठेवतं?

मला यातच सगळं दिसतं. घरं आठवणींनी इतिहास लिहीत नाहीत, ती कागदांनी लिहितात. आणि कागद उरतात ते ज्यांच्यावर पुढे काहीतरी मिळणार असतं ते. जिच्या कागदावर काही मिळणार नव्हतं, तिच्या वाट्याला गुण येतात. प्रेमळ, सोशिक. गुणांना तारीख लागत नाही, पुरावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाचं देणं निघत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या घरात दोन मिळकती एकदम बसल्या, पण संपात गेली असं सगळे म्हणतात ती एकच. संपात आजीने सगळ्यांना फुकट जेवू घातलं, अशी घरातली कथा आहे. वहीत तसं नाही. रेघा चालू आहेत. फेब्रुवारी, मार्च, रेघेखाली रेघ, एकही सोडलेली नाही. मग हळूहळू टिंबं वाढतात, गदा गावी जाते, टाळ जातो. आजी कोणाला हटकत नसे, विचारलं तर म्हणायची, “पैसं काय पळून जात्यात व्हय?” पण लिहायची. मला ही फुकटच्या कथेपेक्षा मोठी गोष्ट वाटते. फुकट घालायचं म्हणजे हा माणूस आता कमावणार नाही असं धरून चालायचं. आजी त्यांना गिऱ्हाईकच समजत राहिली.

वंशावळीत मी ‘व्यवसाय: खाणावळ, लालबाग’ एवढं घालायला सांगितलं. थोरले काका बिथरले. पैसे घेऊन जेवण घालायची असं चारचौघांत कशाला, मुलींची लग्नं व्हायची आहेत. शेवटी ‘सुगरण’च्या आधी ते बसलं. काकांनी अजून ग्रुपवर अंगठा दिलेला नाही.

आता वहीतली चित्रं कोणाची हे ओळखायचं काम चाललंय. टाळ आणि पैलवान नक्की झाले, चष्मेवाल्याचा नातू पुण्यात निघाला. छत्रीवर मात्र वाद आहे. आत्याच्या मते तो उत्तूरकडचा, ऐंशीच्या गृहस्थांच्या मते गवसेकडचा. दोन्ही गावांना फोन झाले. दोन्हीकडचे म्हणतात, आमच्यात छत्री वापरणारं कोणी नव्हतं. आजऱ्याच्या पावसात! छत्रीची बाकी सगळ्यांत जास्त आहे, हे त्यांना कोणी सांगितलं कोणास ठाऊक.