अठरा दिवस, छत्तीस हजार आणि शिखरजी



येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी लेक पाठीवर सॅक घेऊन १८ दिवस निघतोय. तिची पुण्यातली नोकरी १ मार्चला सुरू होते, त्याआधीचा हा मोकळा काळ. पैसे ३६,००० रुपये, दोघींचे मिळून, रेल्वेच्या तिकिटांसकट. त्यातले अर्धे तिने शिकवण्या घेऊन साठवलेत, त्यामुळे कुठे जायचं यात तिचा शब्द मोठा. हल्ली बऱ्याच घरांतल्या मुली असं बॅकपॅकिंग करायचं म्हणतात आणि आपण लगेच विचारतो, "अगं, पण जेवणाचं काय?" म्हणून आम्ही ठिकाणं कशी निवडली ते जरा सविस्तर लिहिते.

तिची यादी: हंपी, गोकर्ण, वाराणसी, कोलकाता, दार्जिलिंग, मेघालय. माझी: श्रवणबेळगोळ, मूडबिद्री, पालिताणा, गिरनार, सम्मेद शिखरजी. दोन्ही याद्या नकाशावर मांडल्या तर निम्मे दिवस गाडीतच जात होते. माझ्या माहेरी सांगलीकडे पूर्वी यात्रेची बस निघायची, सोबत आचारी, पंधरा दिवसांत तीसेक क्षेत्रं. परत आल्यावर बायकांना कुठलं मंदिर कुठल्या गावचं ते आठवायचं नाही. तसं करायचं नाही, एवढं आमचं दोघींचं पहिल्याच दिवशी ठरलं.

मग खोडायला घेतलं. लेकीचा पहिला नियम मला फार पटला: जे जवळ आहे ते या वेळी नको. रत्नागिरीत रात्री गाडीत बसलं की सकाळी उडुपी. तिथून कारकळचा ४२ फुटी बाहुबली, १४३२ सालचा. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, १४३० ची. चार दिवसांची सुट्टी काढली की होण्यासारखं. गोकर्णही त्याच वाटेवर. हंपीही कधी जोडून घेता येईल. श्रवणबेळगोळ खोडताना मात्र जीव थोडा खालीवर झाला. ती मूर्ती चामुंडरायाने करवली असं तिच्या पायाशी चक्क मराठीत कोरलंय, आणि मी अजून ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण जवळच आहे, जाऊ. पालिताणा आणि गिरनार मुंबईहून सोपे, त्यांची वेगळी गुजरात-यात्रा होईल.

दुसरा हिशेब भाड्याचा. रेल्वेचं तिकीट जितकं लांबचं, तितका किलोमीटरमागे दर कमी पडतो. तेच अंतर चार-पाच तुकड्यांत कापलं की खर्च वाढतो. म्हणजे गावं जितकी जास्त तितका खिसा हलका, शिवाय प्रत्येक गावात स्टेशनपासून खोलीपर्यंतची रिक्षा आहेच. आम्ही पाच मुक्कामांवर थांबलो.

तिसरा हिशेब सूर्यास्ताचा, आणि याबद्दल प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये कोणी बोलत नाही. घड्याळ देशभर एकच, सूर्य मात्र पूर्वेला लवकर मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यात आपल्याकडे साडेसहा उलटून जातात, तेव्हा कोलकात्यात साडेपाचच्या सुमारास दिवस संपलेला असतो. मेघालयात त्याहूनही आधी. ज्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे त्याने तिथे दुपारी चारपासूनच जेवणाचं बघायला हवं. दिवसभर जीपमधून डोंगर हिंडायचं आणि चारला कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं ताट शोधायचं, हे जमणारं नाही. दार्जिलिंग आणि मेघालय गेले. लेक अंधार पडल्यावर जेवते कधीकधी, पुण्यात तर जेवतेच, मला ठाऊक आहे. तरी ही दोन नावं तिनेच खोडली. "आई, तू उपाशी बसणार आणि मी मोमो खाणार, त्यात काय मजा?" म्हणाली.

फेब्रुवारीच का, तेही सांगते. चातुर्मासात आम्ही निघत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. मार्चमध्ये शिमगा आला की कोकणच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

आता राहिलं काय? रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने थेट झाशी. या झाशीचे नेवाळकर मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे तिथला किल्ला बघणं म्हणजे गाववाल्यांकडे जाणंच की! जवळ ओरछा, बेतवेच्या काठी, तो लेकीचा. आणि सोनागिरी, डोंगरावर ७७ मंदिरं, ती माझी. दोन्हीकडे झाशीहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, म्हणजे खोली एकच. खजुराहो वाटेत असूनही सोडलं. त्यावर लेक अजून कुरकुरतेय.

पुढे वाराणसी, चार दिवस. तिला घाट बघायचेत. मला भेलूपूर, पार्श्वनाथांचं जन्मस्थान, आणि भदैनी, सुपार्श्वनाथांचं. भदैनी अस्सी घाटाला लागूनच. एकाच गावात दोघींचं पोट भरतं अशी ठिकाणं शोधा, हा माझा तुम्हाला सल्ला. मग राजगीर धरून नालंदा आणि पावापुरी, मग शिखरजी, शेवटी दोन दिवस कोलकाता.

शिखरजीवर मात्र आमचं बरंच बोलणं झालं. लेकीने आधी कागदावर "२७ किमी ट्रेक" असं लिहिलं होतं. आकडा बरोबर आहे: नऊ किलोमीटर चढ, नऊ वर टोंकांवरून फिरणं, नऊ उतार. दुसऱ्या दिवशी तिनेच तो शब्द खोडून "वंदना" लिहिलं. २०२२ च्या शेवटी शिखरजीच्या पर्यटनावरून देशभर मोर्चे निघाले होते आणि ५ जानेवारी २०२३ ला केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली, हे ती वाचून आली होती. तोच डोंगर संथाळ लोकांचा मरांग बुरू, तेही तिनेच मला सांगितलं. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले म्हणून आपण तो आपला म्हणतो, पण त्याच्यासमोर हात जोडणारे दुसरेही आहेत.

आणि मग आमच्या सासूबाई. वय ७६. त्यांनी तरुणपणी नेम घेतला, शिखरजीचं दर्शन होईपर्यंत आंबा खाणार नाही. रत्नागिरीत राहून! दर वर्षी आढी लावतात, कुठला फळ तयार झालं ते नुसत्या वासाने सांगतात, आमरस करून सगळ्यांना वाढतात. स्वतःच्या ताटात घेत नाहीत. संसार, दुकान, सासऱ्यांचं आजारपण, जायचं राहूनच गेलं. आता गुडघे साथ देत नाहीत.

लेक म्हणाली, बाकी सगळं सोडू, आजीला घेऊन फक्त शिखरजी करू. हिशेब मांडला. तिघींचं एसीचं तिकीट, दोन दिवसांचा प्रवास, डोली, जवळ डॉक्टर आहे की नाही ते ठाऊक नाही. ३६,००० त्यातच संपत होते. पण पैशावर निकाल लागला नाही, सासूबाईंनीच लावला. "पाहिल्याशिवाय मला नेऊ नका. तुम्ही आधी जाऊन बघा. आणि पोरीला देश बघू दे." आमच्या जाण्याने त्यांचा नेम सुटत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नेम त्यांचा आहे.

म्हणून शिखरजीला आता तीन दिवस ठेवलेत. एक वंदनेचा, पहाटे दोनला निघून. उरलेले दोन चौकशीचे: मधुबनात तळमजल्याची खोली कुठे मिळते, बसायचा संडास आहे का, पारसनाथ स्टेशनवर जिन्याशिवाय बाहेर पडता येतं का, डोलीवाले किती वाजता बोलावतात. लेकीने वहीत वेगळं पान केलंय, वर "आजी" लिहून.

शिध्यात दशम्या, शेंगाचटणी, भडंग, मेतकूट, पाणी गाळायला कापड. झोपायला शक्य तिथे धर्मशाळा, वाराणसीत एक रात्र लेकीच्या हट्टाखातर हॉस्टेल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे डिसेंबरात रोज सकाळी आठला आम्ही दोघी मोबाईल धरून बसतो. झाशीचं मिळालं. हावडा-मुंबई अजून वेटिंगवर आहे.

मंदिरात कोणीतरी सासूबाईंना सांगितलं की डोलीचा दर वजनावर ठरतो. तेव्हापासून त्या दुकानातल्या काट्यावर दर सोमवारी उभ्या राहतात, आणि आकडा आमच्या ह्यांना मोठ्याने वाचायला लावतात.