पेंग्विनवाला खेळ

मारिओ आणि काँट्रा सगळ्यांनाच आठवतात. आम्हा भावंडांत मात्र विषय निघतो तो पेंग्विनवाल्या खेळाचा. त्याचं खरं नाव 'बायनरी लँड'. जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीने १९८५ साली तो निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरसाठी काढला. त्या यंत्रावर जपानबाहेर तो रीतसर कधी विकलाच गेला नाही. महाडच्या आमच्या मोहल्ल्यात पोहोचला तो नकली सेटमधून. आखातातून येणाऱ्यांच्या बॅगेत अत्तर, ब्लँकेट यांच्यासोबत असा एखादा सेट असायचा, आणि त्याची पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो खेळ लिहिलेले. लावून पाहावं तर तेच दहा-वीस फिरून फिरून.

आमचा सेट अब्बांनी कुवेतहून आणला. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा अम्मानमार्गे विमानाने मुंबईला परतलेल्या लाखाहून अधिक भारतीयांत तेही होते. घडी बसल्यावर पुन्हा गेले. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, असा पुढचा हिशेब.

खेळ असा. गुरीन आणि मालोन ही पेंग्विनांची जोडी, एक निळं, एक गुलाबी. मध्ये भिंत. रिमोट एकच. एकाला डावीकडे न्यावं तर दुसरं उजवीकडे जातं. वर-खाली मात्र दोघं बरोबर. दोन्हीकडच्या वाटा सारख्या नसतात, त्यामुळे एक अडतं नि दुसरं निघून जातं. वर पिंजऱ्यात बदाम. दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी तिथं पोहोचायचं. एकट्याने आधी पोहोचून उपयोग नाही. कोळ्याच्या जाळ्यात एक अडकलं तर दुसऱ्याने फवारा मारून सोडवायचं, तेही घड्याळ संपायच्या आत. आम्ही तर म्हणू, डोक्याच्या कामात मारिओ याच्यापुढे काहीच नाही.

अम्मीला मारिओचा आवाजसुद्धा नको असे. हा खेळ मात्र ती भाजी निवडता निवडता बघायची. आम्ही ज्या पेंग्विनवर नजर, त्यालाच पळवायचो. ती मागे राहिलेल्याकडे बघायची. "पुढच्याला भिंतीला टेकव. तो काय पळून जातो?" म्हणायची. खेळातली मेख नेमकी हीच. भिंतीला टेकलेलं पेंग्विन बटण दाबलं तरी जागचं हलत नाही, तेवढ्यात मागचं गाठून घेतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आम्ही आदळआपट करायचो, ती उठून कंदील लावायची.

तो सेट २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. त्याच पावसात महाड तालुक्यात दरडी आल्या, तळियेत वस्तीच गाडली गेली. अशा वेळी खेळण्याचं दुःख कुणाला सांगणार?

यंदा पोलादपूरला मामूंच्या घरी जमलो होतो. भाच्याने लॅपटॉपवर तोच खेळ लावून दिला. अब्बा आता कायमचे घरी असतात. हा खेळ आणला त्यांनी, पण खेळले कधीच नव्हते. बसले, आणि निळ्याला सरळ वर घेऊन गेले. गुलाबी खाली जाळ्यात.

"मागच्याला बघा," अम्मी म्हणाली.

"मी आलो ना वरपर्यंत!"

"एकटे आलात."

खोलीत कुणी काही बोललं नाही. अब्बांनी हात काढून घेतला. अम्मीने चष्मा लावला, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि डाव पहिल्यापासून लावला.