मलिद्याचं ताट

इस्रायलमधल्या अश्दोदहून शेजारच्या मावशींच्या मुलाचा फोन आला. मावशी गेल्या. फोन ठेवल्यावर आधी नाकाशी आला तो वेलचीचा वास. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं आणि साखर, कडेनं चिरलेली फळं. गोरेगावच्या आमच्या चाळीत मलिदा असला की काका हिब्रूत प्रार्थना म्हणत, एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू होई आणि मावशी डोक्यावरचा पदर सावरत. "एलियाहू कोण?" मी विचारायचे. "येतो गं तो, अडीनडीला," एवढंच म्हणून हातावर मलिदा ठेवायच्या.

पुढे आरे रोडवरच्या सेंट पायस सेमिनरीतल्या एका फादरांनी दाखवलं, येशू डोंगरावर तेजस्वी दिसला तेव्हा मोशेबरोबर हाच एलिया तिथे होता. कुराणातले इल्यास पैगंबरही हेच.

भाचीच्या पुस्तकात मात्र यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही 'पाश्चात्य धर्म' म्हणून एका खणात कोंबलेत. वाचून माझं डोकं तापतं. मावशींची माणसं कसली पाश्चात्य! नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांच्या बेने इस्रायली यहुदी समाजाची परंपरेनं आलेली कथा. तेल गाळून ते कोकणात रुजले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सॅम्युएल दिवेकरांनी. अब्राहामाचं आख्यान हे लोक साकी-दिंडीत, मराठी कीर्तनात लावत.

आणि याच माणसांची लग्नं लावण्याआधी आई-आजीपासून मागच्या पिढ्या तपासा, असं १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठानं फर्मावलं! १९६४मध्ये मोठं आंदोलन झालं तेव्हा कुठे त्या फर्मानातून बेने इस्रायलींचं नाव वगळलं गेलं. मावशी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. माझा राग अजून गेलेला नाही.

अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, असं मानतात. तिथे नवस फेडतात, मलिदा करतात. मला मात्र त्याची दुसरीच गोष्ट आवडते. दुष्काळात तो सारफथच्या विधवेकडे भाकरी मागतो. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि कुपीत जेमतेम तेल. ती आधी त्याला करून घालते. मग पाऊस येईपर्यंत ना पीठ सरत, ना तेल. दिवसभर घाण्यापाशी राबणाऱ्या त्या कोकणी तेल्यांना हा संदेष्टा आपला वाटला, तो रथामुळे की त्या कुपीमुळे?