८० दातांचं ब्लेड

ड्रिल आणि घोडेस्वारीपुढे आमच्या वर्कशॉपला फारसा मान नाही. या वर्षी मात्र देशासाठी प्राण दिलेल्या माजी कॅडेटांचा नवा नामफलक करायचं काम आमच्याकडे आलं. सागाचं व्हिनियर लावलेला, ८ बाय ४ फुटांचा एकच प्लाय मिळाला होता. बिघडला तर दुसरा नाही. व्हिनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्याची कड एकदा फुटली की पॉलिश पेपरने घासून लपत नाही.

टेबल सॉ फक्त उस्ताद चालवतात. ब्लेड कोणतं, ते त्यांनी आम्हाला ठरवायला सांगितलं. खुंटीवर १० इंची तीन ब्लेडं होती: २४, ४० आणि ८० दातांची. बहुतेकांचं मत २४ ला, कारण ते झपाट्याने कापतं. माझे बाबा सांगलीत फर्निचरचं काम करतात, म्हणून मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

२४ दातांचं ब्लेड भरीव लाकूड रेषेच्या दिशेने चिरायला उत्तम. दातांमध्ये मोठ्या खाचा असतात, भुसा पटकन बाहेर पडतो. पण प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. कुठूनही कापा, एखाद्या थराच्या रेषा आडव्या येणारच, आणि मोठा दात त्या कापण्याऐवजी उपटतो. ८० दातांत प्रत्येक दाताच्या वाट्याला घास लहान येतो. शिवाय आमच्या ब्लेडचे दात आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला तिरपे घासलेले आहेत. ते सुरीसारखे आधी रेषा कापतात. सनमायका किंवा एमडीएफ असतं तर मी हे सुचवलं नसतं. सनमायका कडक असतो, टोकदार दाताने त्याचे टवके उडतात. तिथे एक दात सपाट आणि पुढचा कोपरे मारलेला, असं ब्लेड लागतं.

दातांची संख्या बघून भागत नाही, धारही बघावी लागते. बोथट ८० पेक्षा धारदार ४० बरं. मशीनचा प्लग काढून उस्तादांनी दातावर नख हलकेच टेकवून पाहिलं, नख अडकलं. ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, तेही तपासलं.

रविवारी बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “चांगली बाजू वर ठेवणार ना?” टेबल सॉचे दात पुढून खाली उतरतात, त्यामुळे फुटते ती खालची बाजू. हातातल्या मशीनला नेमकं उलटं. आम्ही खालून कापायच्या रेषेवर टेपही लावली.

फलक आजच्या यादीपेक्षा फूटभर लांब ठेवायचा होता. का, ते कोणी विचारलं नाही.

उस्तादांनी प्लाय एकाच संथ वेगाने पुढे सरकवला. घाई केली असती तर मोटरवर ताण आला असता, मध्येच थांबले असते तर कड करपली असती. टेप काढून पाहिली. दोन्ही बाजूंना कड सरळ, एकही टवका नाही. २४ वालं ब्लेड दुसऱ्या दिवशी बाकांच्या पायांसाठी वापरलं.