वसतिगृहातल्या भोजली

रक्ताचे नाते नाही, गाव एक नाही, भाषाही एक नाही. तरी एका मजल्यावर राहणाऱ्या मुली वर्षभरात एकमेकींच्या बहिणी होतात. भिलाईच्या एका वसतिगृहातील अशाच एका वर्षाची ही हकिगत.

मुलीला परगावच्या कॉलेजात पाठवायचे ठरले की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो आणि दुसरा वसतिगृहाचा. फाटक किती वाजता बंद होते? पहारेकरी आहे का? खिडक्यांना गज आहेत ना? वडील हे सगळे विचारून घेतात, आई मेसच्या स्वयंपाकघरात डोकावून येते. मात्र मुलीच्या खोलीत आणखी कोण राहणार, शेजारच्या खोल्यांत कोण आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक, पुढचे वर्ष मुलीला कसे जाईल हे फाटकापेक्षा त्या मुलींवरच अधिक अवलंबून असते.

गोंदियाची एक मुलगी इंजिनिअरिंगसाठी भिलाईला निघाली, तेव्हा तिच्या घरीही असेच झाले. तसे पाहिले तर अंतर फार नव्हते. गोंदियाहून गाडीत बसले की दोन-अडीच तासांत दुर्ग येते आणि दुर्गला लागूनच भिलाई. हिंदीचीही अडचण नव्हती. तरी घराबाहेर एकटीने राहण्याची ती पहिलीच वेळ होती आणि आईचा जीव अर्धा झाला होता.

भिलाई हे गाव मात्र बाहेरून आलेल्यांना नवखे ठेवत नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि या माळरानावर पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओरिसा, महाराष्ट्र अशा सगळ्या प्रांतांतून माणसे आली आणि सेक्टरांच्या आखीव वस्तीत शेजारी-शेजारी राहू लागली. आता कारखान्याच्या जोडीला शिक्षणसंस्थाही आल्या आहेत. छत्तीसगडचे तंत्रविद्यापीठ इथे आहे आणि २०१६ साली सुरू झालेली आयआयटीही भिलाईचेच नाव लावते. पूर्वी इथे माणसे नोकरीसाठी ट्रंक घेऊन उतरत, आता मुली सूटकेस घेऊन उतरतात.

'मॅम' की 'दीदी'?

वसतिगृहात मुलींना नावापेक्षा गावानेच ओळखतात. गोंदियावालीच्या खोलीत जगदलपूरवाली आणि राउरकेलावाली होत्या. समोरच्या खोलीत तिसऱ्या वर्षाची कोरबावाली. पहिल्याच संध्याकाळी जिन्यात ती दिसली, तेव्हा गोंदियावालीने मान खाली घालून "गुड ईव्हनिंग मॅम" म्हटले. सीनियर मुलींना मॅम म्हणायचे, त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, असे तिला गावच्या एका मोठ्या मुलीने बजावून पाठवले होते.

कोरबावाली हसली. म्हणाली, "मॅम वॉर्डनला म्हण. मला दीदी म्हण."

ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही. रॅगिंगची सुरुवात बहुधा अशाच संबोधनातून होते. आधी मॅम, मग मान खाली, मग रात्री उठवून गाणे म्हणायला लावणे आणि पुढे ज्याचे नाव घेऊ नये असे प्रकार. छत्तीसगडने राज्य स्थापन झाल्यावर लगेच, २००१ मध्ये, रॅगिंगविरुद्ध कायदा केला. २००९ मध्ये हिमाचलमधील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कडक नियम आणले. तेव्हापासून प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. शक्यतो पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना वेगळ्या इमारतीत ठेवावे, असेही त्या नियमांत आहे.

नियम योग्यच आहेत. परंतु कायदा मोठीला छळण्यापासून रोखू शकतो, तिला मोठी बहीण करू शकत नाही. ते काम मुलींनाच करावे लागते. या वसतिगृहात काही वर्षांपूर्वीच्या मुलींनी 'मॅम' बंद केले होते आणि पुढच्या तुकड्यांनी ती रीत मोडली नव्हती. त्यामुळे कोरबावालीला स्वतःला कुणी छळले नव्हते आणि म्हणून सूड उगवावा असे तिच्याजवळ काही नव्हते.

कानामागचे हिरवे तुरे

ऑगस्टमध्ये राखी आली. वसतिगृहातली पहिली राखी म्हणजे मुलींच्या डोळ्यांना पाणी. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मौसी आपल्या गावाहून आल्या, त्या पानात गुंडाळलेले पिवळट-हिरवे अंकुर घेऊन. मुलींना त्या 'नोनी' म्हणत, म्हणजे छत्तीसगडीत लेकी. "नोनी, या इकडे. आज भोजली आहे."

छत्तीसगडात श्रावण शुद्ध नवमीच्या सुमारास घरोघरी टोपलीत माती-खत घालून गहू पेरतात. आपल्याकडे घटस्थापनेला धान पेरतात, तसाच हा प्रकार. टोपली अंधारात ठेवतात म्हणून अंकुर पिवळसर, लांब वाढतात. बायका-मुली त्यांच्यासमोर गाणी म्हणतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तळ्यावर नेऊन भोजलीचे विसर्जन करतात. त्यातले थोडे तुरे मात्र परत आणतात आणि एकमेकींच्या कानामागे खोचतात. ज्या दोघींनी अशी भोजली बदलली, त्या जन्माच्या मैत्रिणी झाल्या. त्यानंतर त्या एकमेकींचे नाव घेत नाहीत, 'भोजली' म्हणूनच हाक मारतात. भेटल्या की 'सीताराम भोजली' म्हणतात. एकीच्या घरी लग्न असो की मयत, दुसरीने सख्ख्यासारखे उभे राहायचे. अशा नात्याला जात आड येत नाही. गंगाजल, महाप्रसाद, जवारा अशा नावांनीही इथे मैत्र बांधले जाते आणि ते पुढच्या पिढ्याही पाळतात.

त्या दिवशी मेसमध्ये हसत-खिदळत मुलींनी एकमेकींच्या कानामागे तुरे खोचले. गोंदियावालीची भोजली झाली जगदलपूरवाली. सुरुवातीला तो खेळच होता. आठवडाभरात सगळ्या मजल्यावर 'भोजली, माझा चार्जर कुठे?' असे सुरू झाले.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या अशाच संघटना असतात. 'बहीण' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना सोरॉरिटी म्हणतात. त्यांतली सर्वांत जुनी समजली जाणारी संघटना १८५१ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन येथील मुलींच्या कॉलेजात गुप्त संस्था म्हणून निघाली. तिथे नव्या मुलींना पारखून घेतात, शपथ देतात, छातीवर लावायला पिन देतात आणि प्रत्येकीला एक मोठी बहीण नेमून देतात. चांगली कामेही त्या करतात. पण कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार आला की मने दुखावतात, आणि प्रवेशाच्या नावाखाली छळ होतो अशा तक्रारी तिथेही आहेतच. वसतिगृहाची गंमत वेगळी. तिथे बहिणी आपण निवडत नाही. नोटीस बोर्डावर खोलीचा नंबर लागतो आणि ज्या भेटतील त्यांच्याशी जमवून घ्यावे लागते.

सण, ताप आणि भांडणे

जमवून घेणे सोपे नव्हते. राउरकेलावाली पहाटेपर्यंत दिवा लावून वाचायची. जगदलपूरवाली ओले टॉवेल दुसरीच्या खुर्चीवर टाकायची. एकदा दोन दिवस खोलीत कुणी कुणाशी बोलले नाही. शेवटी कोरबावालीने निकाल दिला: अकरानंतर टेबलावरचा छोटा दिवा, टॉवेल गच्चीवर.

पोळ्याला (इथे त्याला पोरा म्हणतात) मौसींनी ठेठरी आणि खुरमी आणली. तीजेला मौसींच्या लग्न झालेल्या मुली माहेरी आल्या, कारण छत्तीसगडात हरितालिकेचे व्रत माहेरी येऊनच करायचे असते. बाप किंवा भाऊ जाऊन तिला घेऊन येतो. माहेर इतके जपणाऱ्या या मुलखात गोंदियावालीला घर अधिकच आठवले. तिने कोजागिरीपूर्वी मैत्रिणींना भुलाबाईची गाणी शिकवली आणि झाकलेली खिरापत ओळखायला लावली. उडिया, हलबी, छत्तीसगडी बोलणाऱ्या मुलींनी अर्थ न कळता फेर धरला.

सप्टेंबरअखेर जगदलपूरवालीला ताप भरला. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ येऊन गेली होती, त्यामुळे इथे अशा तापाला कुणी हलके घेत नाही. तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासले, तर डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी सांगितले की ताप उतरताना अधिक जपायचे. पोटात दुखले, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आले तर क्षणभर थांबायचे नाही, आणि मनाने दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. मजल्यावरच्या मुलींनी पाळ्या लावल्या. कुणी पाणी-सरबत देई, कुणी तापाची नोंद ठेवी. तिसऱ्या दिवशी तिचे आई-वडील बस्तरहून पोहोचले, तेव्हा वहीतली ती नोंद पाहून आईने गोंदियावालीला जवळ घेतले.

बंद दाराची कडी

खरी कसोटी फेब्रुवारीत लागली. पहिल्या सत्राचा निकाल आला आणि गोंदियावाली दोन विषयांत नापास झाली. दहावी-बारावीला शाळेत पहिली येणारी मुलगी. तिने घरी फोनवर "सगळं ठीक आहे, आई" एवढेच सांगितले. खोलीतल्या दोघी सुट्टीला घरी गेल्या होत्या. तिने आतून कडी लावली.

त्या दिवशी फाटक वेळेवर बंद झाले. पहारेकरी जागेवर होता. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'हजर' लिहिलेले होते. वसतिगृहाच्या हिशेबी ती पूर्णपणे सुरक्षित होती.

कोरबावालीच्या मात्र लक्षात आले की दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा गोंदियावाली जेवायला आली नाही. तिने ताट वाढून घेतले आणि दार वाजवले. आतून उत्तर आले नाही. पुन्हा वाजवले. "झोपलेय," असा आवाज आला. कोरबावाली दारालगत जमिनीवर बसली. म्हणाली, "दार उघडू नकोस हवं तर. मी इथेच बसलेय. मलाही पहिल्या वर्षी तीन विषय राहिले होते."

अर्ध्या तासाने कडी निघाली. त्या रात्री उपदेश झाला नाही. दोघी जेवल्या आणि कोरबावालीने आपली जुनी गुणपत्रिका काढून दाखवली. सकाळी तिनेच नंबर लावून फोन गोंदियावालीच्या हातात दिला. आई रडली, पण रागावली नाही. वडील म्हणाले, "दोनच विषय ना? पुन्हा दे." पुढचे तीन महिने समोरच्या खोलीत रोज रात्री एक तास गणित चालले.

फाटकाची वेळ

मुलींच्या सुरक्षिततेसाठी फाटक लवकर बंद करावे असे अनेकांना वाटते. मुलांच्या वसतिगृहाला मात्र असा धाक नसतो. यावरून दिल्लीत २०१५ मध्ये विद्यार्थिनींनी चळवळ सुरू केली. २०१८ मध्ये रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या वेळा हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीतही म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत.

पालकांची काळजी खोटी नसते. पण कुलूप बाहेरच्या माणसाला अडवते. आत बसलेल्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे कुलपाला कळत नाही. ते कळते ताट कुणाचे रिकामे राहिले हे पाहणाऱ्या मुलीला. भिलाईच्या या मजल्यावर मुलींनी फोनवर एक गट केला आहे. बाहेर गेलेली मुलगी परतली की 'पोहोचले' एवढेच लिहिते. जिचा निरोप येत नाही, तिला लगेच फोन जातो.

तेव्हा वसतिगृह पाहायला जाल, तेव्हा फाटकाच्या वेळेबरोबर आणखीही काही विचारा. पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी मोठ्या मुलींपैकी कोण जबाबदार असते? रॅगिंगविरोधी समितीत कोण आहेत? रात्री मुलगी आजारी पडली तर गाडी कुठून येते? खोलीतल्या मुलींच्या आयांचे फोन नंबर घ्या आणि आपला द्या. रॅगिंगविरोधी मदतीचा १८००-१८०-५५२२ आणि मनावर ताण आल्यास बोलण्यासाठी १४४१६ हे क्रमांक मुलीच्या वहीत लिहून ठेवा. आणि निघताना तिला एवढे जरूर सांगा: मार्क कमी पडले तरी फोन कर.

मे महिन्यात गोंदियावालीचे राहिलेले दोन्ही विषय सुटले. ऑगस्टमध्ये ती दुसऱ्या वर्षाला आली, तेव्हा समोरच्या खोलीत मुंगेलीची एक नवी मुलगी होती, दोन दिवस कुणाशीच न बोललेली. रात्री जेवणाची घंटा झाली. गोंदियावालीने आधी तिचे दार वाजवले आणि मग दोघी मिळून मेसमध्ये गेल्या.