गंधाराखालचे चार स्वर

मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो ए मेजरमधला, म्हणजे आपल्या हिशेबाने त्याचा षड्ज ए. पण ज्या क्लॅरिनेटवर तो आज बहुतेक ठिकाणी वाजतो, त्याचा तळाचा स्वर आहे सी शार्प, शुद्ध गंधार. वाद्य मंद्रात उतरत जाते, गंधाराला टेकते आणि उंबरठ्यावरून परत फिरते. घराच्या आत, षड्जापर्यंत, त्याला जाताच येत नाही.

मोझार्टने हे असे ठेवले नव्हते. व्हिएन्नातला त्याचा दोस्त आन्टोन श्टाडलर याच्याजवळ थिओडोर लोट्झ या कारागिराने घडवलेले लांबट वाद्य होते. आज त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ आणि षड्ज हे चार स्वर त्यात जास्तीचे. १७९१च्या ऑक्टोबरात मोझार्टने बायकोला कळवले, की काळी कॉफी मागवली, पाइप ओढला आणि श्टाडलरच्या रोंदोचे, म्हणजे याच कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागाचे, वाद्यवृंदलेखन जवळजवळ संपवले. ५ डिसेंबरला तो गेला. पुढे हस्तलिखितही नाहीसे झाले. १८०१ साली कॉन्चेर्टो छापून आला तो साध्या क्लॅरिनेटसाठी. कोणी अनामिकाने खालचे स्वर उचलून वर नेऊन ठेवले होते. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात समीक्षकाने मूळ जागा दाखवून ही काटछाट उघडी पाडली. त्याने दिलेली उदाहरणे आणि पहिल्या भागाचा एक अपुरा खर्डा, एवढ्या आधारावर आज मूळ रूप जुळवले जाते. बाकीचा अंदाज.

म्हणून या कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकताना ‘मोझार्टच्या जास्त जवळ कोण?’ हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. मी दोनच गोष्टी पाहतो. वादक त्या हरवलेल्या तळाशी कसा वागतो? आणि अडाजियोमध्ये, म्हणजे मधल्या संथ भागात, त्याचा श्वास कसा चालतो?

बेनी गुडमनपासून सुरुवात करायला हरकत नाही. जॅझचा हा बादशहा १९५६ साली शार्ल म्यूंशच्या बॉस्टन सिंफनीबरोबर अगदी शहाण्या मुलासारखा वाजवतो. इतका शहाणा, की गुडमनच सापडत नाही. कार्ल ब्योमच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर आल्फ्रेड प्रिन्त्स वाजवतो, त्यात व्हिएन्नाची रीत आहे: स्वर सरळ, न हलणारा, लाड न करणारा. मोझार्टने या रचनेत ओबो घेतले नाहीत, ट्रम्पेट नाहीत, ड्रम नाहीत. त्या मोकळ्या जागेची किंमत ब्योमला कळते. आदर वाटतो, पण पुन्हा लावावेसे मला क्वचितच वाटते.

तळ ऐकायचा असेल तर थिया किंग. १९८५ साली संचालक जेफ्री टेटबरोबर बॅसेट क्लॅरिनेटवर तिने हे मुद्रण केले. पहिल्या भागात क्लॅरिनेट सुटे सुटे स्वर फिरवत खाली जातो. छापील प्रतीत तिथे मध्येच वरच्या सप्तकात उडी येते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती उडी आपल्याला सुंदरही वाटू लागते. किंगच्या वाजवण्यात ती नाही. ओळ उतरत उतरत षड्जावर येते आणि एकदम सगळे जागच्या जागी बसते. आपल्याकडे क्लॅरिनेट ऐकला तो वरातीच्या बँडमध्ये, रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी उंच चढवलेला. त्या कानांना हा खालचा, लाकडी, जरासा खरखरीत आवाज दुसऱ्याच वाद्याचा वाटतो.

सबीने मायरही बॅसेटवरच. संचालक कारायानच्या आग्रहामुळे ती बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये आली होती. वादकांनी मतदान करून तिला कायम करायला नकार दिला, आणि ती बाहेर पडली. १९९८ साली त्याच वाद्यवृंदापुढे, क्लाउदिओ आबादोच्या हाताखाली, तिने हा कॉन्चेर्टो वाजवला. त्यात कुठेही हिशेब चुकता केल्याचा सूर नाही. रोंदो तर नुसता खेळतो.

आणि तरी अडाजियोसाठी मी जॅक ब्रायमरकडे जातो. टॉमस बीचम आणि रॉयल फिलहार्मोनिक, १९५०च्या दशकाची अखेर, वाद्य साधे. लय इतकी संथ, की काटेकोर श्रोते नाक मुरडतात. अडाजियोला प्रस्तावना नाही, क्लॅरिनेटला पहिल्या मात्रेपासूनच गायचे असते. आठ मात्राखंड तो गातो, वाद्यवृंद तेच पुन्हा म्हणतो. तो पुढचे आठ गातो, वाद्यवृंद परत होकार देतो. ब्रायमरचा स्वर किंचित थरथरतो, आणि धून परतते तेव्हा तो ती इतकी हलकी घेतो, की बीचमच्या तंतुवाद्यांनाही दबकून यावे लागते. आणि मुख्य म्हणजे या धुनेला खालचे चार स्वर लागतच नाहीत. ती सगळी वरच फिरते. ब्रायमरने इथे काहीच गमावलेले नसते.

पहिला भाग किंगचा ऐका, रोंदो मायरचा. पण घरात एकच ठेवायचे असेल, तर ब्रायमर-बीचम ठेवा.