काल किती उडाली?

पायलट व्हायला पैसे किती लागतात, हे कुणालाही विचारा, आकडा तयार असतो. दिवस किती लागतात म्हणून विचारलं, की समोरचा माणूस हसतो आणि चहा मागवतो. लेकीची बारावी झाल्यावर आम्ही फ्लाइंग स्कूल शोधायला निघालो, तेव्हा असा चहा मी पुष्कळ प्यायलो.

माहितीपत्रकं सगळ्यांची एकाच छापाची. निळं आभाळ, पांढरं विमान, गॉगल लावलेली मुलगी आणि खाली ‘२०० तास’. हे २०० तास कुणा संस्थेचं औदार्य नाही, तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. कमर्शियल लायसन्ससाठी किमान एवढं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून, २० तास गावोगाव क्रॉस कंट्री, त्यात एक ३०० सागरी मैलांचा पल्ला, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास फक्त उपकरणं बघून, ५ तास रात्रीचे. कुठेही जा, ताटात हेच वाढणार. मग निवडायचं ते काय बघून?

मी मुंबईच्या बेस्ट बसच्या आगारात ड्यूट्या लावण्यात उमेदीची वर्षं काढली. आमच्याकडे गाड्यांचे दोन हिशेब असतात. पटावर किती आणि सकाळी फाटकाबाहेर किती. कुणाचं क्लच गेलेलं, कुणी पासिंगला अडकलेली, एखादी सुट्या भागासाठी महिनोन्‌महिने उभी. प्रवाशाला पटावरच्या गाडीचा उपयोग शून्य. त्यामुळे ‘आमच्याकडे इतकी विमानं आहेत’ असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, “काल किती उडाली?”

लेक मला कोपराने ढोसायची. “बाबा, तू असं इन्स्पेक्टरसारखं नको ना विचारूस.”

घरात आणखी एक इन्स्पेक्टर होत्या. माझी आई. आम्ही घाटकोपरचे. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून चाकं काढून जातात, त्याची सवय आहे. पण २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक छोटं विमान पश्चिमेला जागृतीनगरजवळ बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एक माणूसही. आई त्या बाजूला भाजीला जायची. त्यात २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादचा विमान अपघात झाला. “जगातल्या पोरी बँकेत लागतात,” एवढंच ती म्हणाली आणि नातीशी चार दिवस तुटक बोलली. तिची समजूत मी घातली नाही. भीती खोटी नव्हती. उलट तिच्यामुळेच मी प्रत्येक ठिकाणी आधी सुरक्षेची चौकशी करायला लागलो.

मुंबईकराला वाटतं, विमान शिकायचं म्हणजे जुहू. का वाटू नये? बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासून तिथला. जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळालेलं लायसन्स या देशात दिलेलं पहिलं, आणि १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन ते उतरले तेही जुहूलाच. पण आज सांताक्रूझच्या गर्दीला खेटून असलेल्या त्या आभाळात शिकाऊ मुलांनी घिरट्या घालायच्या कुठे? क्लबचं उड्डाण प्रशिक्षण केव्हाच धुळ्याला गेलं. महाराष्ट्राचा नकाशा घेऊन बसलो तर ही सगळी ठाणी आडगावी दिसतात. धुळे, शिरपूर, बारामती, तिकडे पार गोंदियाजवळचं बिरसी. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया स्वतःची मोठी शाळा उभारतेय. कारण साधं आहे. मोकळं आभाळ लागतं, मोठ्या विमानांची वर्दळ नको, आणि पाऊस कमी हवा. बारामती पर्जन्यछायेत, खानदेश कोरडा. कोकणपट्टीत जूनपासून ढग जे खाली बसतात ते उठत नाहीत. उत्तरेत रायबरेलीजवळ फुरसतगंजची सरकारी अकादमी नावाजलेली, पण तिकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं. म्हणजे कुठेही गेलं तरी वर्षाचे काही महिने विमान जमिनीवरच. ते गृहीत धरून किती महिने, हा खरा प्रश्न.

अंधेरीला स्टेशनजवळ एका सल्लागाराकडे गेलो होतो. टेबलावर प्लास्टिकचं एअरबस, भिंतीवर परदेशी शाळांचे फोटो. त्याने लेकीला आल्या आल्या ‘कॅप्टन मॅडम’ म्हटलं, तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. परदेशात सगळं झटपट होतं, असं त्याचं म्हणणं. होतही असेल. पण तिकडचं लायसन्स इकडे चालवून घ्यायला डीजीसीएच्या परीक्षा आणि चाचण्या द्याव्या लागतात, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, आणि तेही खालच्या आवाजात. जागा भरत आल्यात, आजच टोकन भरा, म्हणाला. वैद्यकीय तपासणी? “ती होईल हो नंतर.”

हे मात्र कुणी ऐकू नये. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन, आणि तोवर कुणाला पैसा देऊ नये. रंगांध माणसाला बहुतेकदा आपण रंगांध आहोत याचा पत्ताच नसतो. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसला नाही, तर भरलेलं टोकन परत मिळवायला कुणाच्या दारात बसणार?

राज्याबाहेरच्या एका संस्थेत गेलो ते नीट आठवतं. स्वागत उत्तम. सिम्युलेटर दाखवला, वातानुकूलित वर्ग दाखवले. हँगर शेवटी, तोही लांबून. मी लघुशंकेचं निमित्त करून मागून चक्कर मारली. एका सेसनाचं नाक उघडं, आत इंजिनच नाही. शेजारच्याचं पुढचं चाक बसलेलं आणि विंडशील्डवर इतकी धूळ, की त्यावर कुणीतरी बोटाने बदाम काढला होता. तो बदामही धुळीने पुन्हा अर्धा भरलेला. इंजिनं ओव्हरहॉलला जातात, त्यात गैर काही नाही, ठरलेल्या तासांना ती काढावीच लागतात. पण ही विमानं माहितीपत्रकात मोजलेली होती.

खरी माहिती मिळाली ती बाहेरच्या टपरीवर. अकोल्याकडचा एक मुलगा चहा घेत होता. मी आगारातला म्हटल्यावर मोकळा झाला. त्याने लॉगबुक उघडून दाखवलं. रकाने सुबक भरलेले, तारखा तेवढ्या विरळ. मार्चमध्ये सलग ओळी, मग एप्रिलभर दोन, मेमध्ये एक, आणि थेट ऑगस्ट. विचारलं तर म्हणाला, “काका, दोन इन्स्ट्रक्टर एअरलाइनला लागले.” विमान असून शिकवायला माणूस नाही. विमान कंपन्यांची भरती निघाली, की असं होतंच. वर आणखी एक मेख आहे. त्या २०० तासांतलं काही उड्डाण लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं लागतं. प्रशिक्षण रेंगाळलं, की शिळे झालेले तास पुन्हा पैसे मोजून उडवायचे. शिवाय वसतिगृह, मेस आणि घरून येणारे फोन. ‘झालं का रे?’

लॉगबुक हातात घेऊन दोन तारखांमधलं अंतर बघायचं. माझ्या मते संस्था ओळखायला याहून पक्का पुरावा नाही. महिन्याला वीस तास मिळाले तर दहा महिने. आठ मिळाले तर दोन वर्षं उलटून वर. तासाचा दर कुठे हजाराने कमी, कुठे जास्त, त्याला या गणितापुढे काही अर्थ राहत नाही.

सुरक्षेचंही तसंच. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीकडे चार दिवसांच्या आत दोन शिकाऊ विमानं पडली होती. त्यामुळे मी सगळीकडे विचारायचो, शेवटचा अपघात केव्हा आणि त्यानंतर काय बदललं? ‘आमच्याकडे तसलं काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे फुली. अपघात सांगून मग काय केलं तेही सांगणाऱ्याच्या पुढे बरोबरची खूण. आमची शोधाशोध चालू असतानाच, १ ऑक्टोबर २०२५ पासून, डीजीसीएने संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. जी ती ‘बी’ नाहीतर ‘सी’. लेक हिरमुसली. मला ती यादी वाचून बरं वाटलं, कुणीतरी मोजायला तर लागलं!

बँकेचं प्रकरण वेगळंच. एकूण खर्च पन्नास लाखांच्या घरात, आणि शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं. आमची इमारत पुनर्विकासात, कागद बिल्डरकडे, आम्ही भाड्याच्या घरात. मॅनेजर म्हणाले, नवी जागा हातात येऊ द्या. मग मेहुण्याने बदलापूरचा फ्लॅट तारण ठेवायला दिला. त्याबद्दल बायको मला अजून भावाचं कौतुक ऐकवते, आणि मी ऐकून घेतो.

शेवटी लेकीने एक संस्था निवडली. आपल्याच राज्यातली. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना मी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते उठले आणि फळ्यासमोर घेऊन गेले. खडूने विमानांचे क्रमांक, समोर मुलांची नावं आणि वेळा, दोन क्रमांकांपुढे ‘दुरुस्ती’. “ही दोन बंद आहेत. एक आठवड्यात येईल, दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही.” महिन्याला अमुक तास देऊ, असं करारात लिहून द्याल का? “नाही. जुलैचं तर बोलूच नका.” लेकीने माझ्याकडे बघितलं. तिचं तिथेच ठरलं होतं.

तास नाही, पण पैशाचं त्यांनी लिहून दिलं. एकरकमी नाही, टप्प्याने. प्रवेशाला थोडे, पहिल्या सोलोनंतर पुढचे, मग उडालेल्या तासांप्रमाणे. मध्ये सोडलं तर न उडालेल्या तासांचे परत, किती दिवसांत तेही कलमात घातलं. आणि आमच्या बाजूने एक गोष्ट आम्ही ठरवली. नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक असे लेखी पेपर अंधेरीच्या क्लासला जाऊन आधी काढायचे, म्हणजे तिकडे गेल्यावर उडायच्या दिवशी पुस्तक उघडून बसावं लागणार नाही. पासाला सत्तर टक्के लागतात. नियमांचा आणि हवामानाचा निघाला, नेव्हिगेशन बाकी आहे. पहिला हप्ता तो निघाल्यावर. तोवर पैसे बँकेत, आणि आईने नातीला पहाटेचा चहा करून द्यायला सुरुवात केली आहे.